राउटरचा स्थानिक पत्ता

घरातील संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच, मुद्रकयंत्र इ. उपकरणे ज्या यंत्रामार्फत आंतरजालाशी जोडलेली असतात, त्या राउटर या यंत्राचा घराच्या अंतर्गत जालातील अंकात्मक पत्ता. १९२.१६८.१.१ व १९२.१६८.०.१ ही त्याची नेहमी आढळणारी उदाहरणे होत. हा पत्ता घराबाहेरील जालाला दिसत नाही. घरातील उपकरणांना राउटरपर्यंत पोहोचता यावे एवढाच त्याचा उपयोग असतो. बिनतारी जोडणीचा परवलीचा शब्द बदलणे, जोडणीतील दोष शोधणे, आपल्या जालात कोणकोणती उपकरणे शिरलेली आहेत हे पाहणे इ. कामांसाठी तो माहीत असावा लागतो. जालाशी जोडलेल्या प्रत्येक संगणकाने तो आधीच नोंदवून ठेवलेला असतो. म्हणून तो शोधणे म्हणजे संगणकाने केलेली नोंद वाचणे होय.

राउटरचे कार्य : आंतरजालावरून जाणारी माहिती सलग प्रवाहाच्या रूपात जात नाही. तिचे लहान लहान खंड केले जातात व प्रत्येक खंडावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते लिहिलेले असतात. या खंडास पॅकेट म्हणतात. पॅकेटावरील पत्ता वाचून ते पुढे कोणत्या जालाकडे धाडावयाचे हे ठरविणारे यंत्र म्हणजे राउटर होय. सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांचे मोठे राउटर शेकडो जालांना जोडलेले असतात, तर घरगुती राउटर मुख्यतः दोनच जालांच्या सीमेवर उभा असतो : एका बाजूस घरातील जाल व दुसऱ्या बाजूस सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे जाल. त्यामुळे त्याला दोन पत्ते असतात. बाहेरील बाजूचा पत्ता कंपनीकडून मिळतो. आतील बाजूचा पत्ता यंत्र तयार करणाराच बहुधा ठरवून देतो व घरमालकास तो बदलता येतो. या दुसऱ्या पत्त्यास स्थानिक पत्ता म्हणतात. एखाद्या संकेतस्थळावर ‘माझा पत्ता कोणता?’ असे विचारल्यास जे उत्तर मिळते, तो बाहेरील पत्ता असतो. स्थानिक पत्ता त्या मार्गाने कळत नाही. हा भेद लक्षात न घेतल्याने पुष्कळांची गफलत होते.

इतिहास : भिन्न रचनेची जाले एकमेकांस जोडण्याची सर्वसामान्य पद्धत व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या अमेरिकन अभियंत्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात मांडली. दोन जालांच्या सीमेवरील यंत्रास त्यांनी ‘गेटवे’ म्हणजे प्रवेशद्वार ही संज्ञा योजिली होती. पुढे ‘राउटर’ हे नाव रूढ झाले. तथापि संगणकावरील नोंदींत ‘डीफॉल्ट गेटवे’ असा जो उल्लेख आजही आढळतो, त्यात जुनी संज्ञा टिकून राहिलेली आहे. ज्या पॅकेटासाठी दुसरा विशेष मार्ग नोंदविलेला नाही, ते ज्या द्वाराने बाहेर पाठवावयाचे ते द्वार, असा त्या शब्दप्रयोगाचा अर्थ होतो. घरगुती जालात हे द्वार म्हणजेच राउटर असल्यामुळे डीफॉल्ट गेटवेचा पत्ता हाच राउटरचा स्थानिक पत्ता ठरतो.

‘आयपी’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरजाल संकेतप्रणालीच्या चौथ्या आवृत्तीचे वर्णन सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट या अमेरिकेतील आद्य संगणक-जालाने तिचा अंगीकार केला. या प्रणालीत पत्त्यासाठी ३२ बिट राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते संभवतात. काही विद्यापीठे, प्रयोगशाळा व लष्करी कार्यालये एवढ्यांपुरतेच जाल मर्यादित असताना ही संख्या अमर्याद वाटत होती. १९९० नंतर आंतरजालाचा प्रसार सर्वसामान्यांत होऊ लागला, तेव्हा ती अपुरी पडणार हे स्पष्ट झाले. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी आंतरजालाची सेवा विदेश संचार निगम या मुंबईत मुख्यालय असलेल्या संस्थेने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून एका वेळी एकच संगणक जोडला जाई. घरातील अनेक उपकरणांना एकच जोडणी वाटून देण्याचा प्रश्न पुढे वेगवान व सतत चालू राहणाऱ्या जोडण्या आल्यावर निर्माण झाला.

खाजगी पत्ते : पत्त्यांच्या टंचाईवर दोन उपाय योजण्यात आले. त्यांपैकी पहिला खाजगी पत्त्यांचा होय. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकेतानुसार पत्त्यांचे तीन गट अंतर्गत उपयोगासाठी राखून ठेवलेले आहेत : १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५ (१,६७,७७,२१६ पत्ते), १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ (१०,४८,५७६ पत्ते) व १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ (६५,५३६ पत्ते). हे पत्ते सार्वजनिक आंतरजालावर कोणाच्याही मालकीचे नाहीत. म्हणून कोणासही आपल्या घरात वा कचेरीत परवानगीवाचून वापरता येतात. प्रत्येक सोसायटीत ‘खोली क्रमांक १’ असू शकते आणि त्यामुळे टपालात घोटाळा होत नाही, तसाच हा प्रकार आहे. लक्षावधी घरांतील राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच असतो, याचे कारण हे होय.

दुसरा उपाय पत्तांतराचा असून त्याचे विवेचन मे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. खाजगी पत्ता असलेले पॅकेट घराबाहेर पडताना राउटर त्यावरील पाठविणाऱ्याचा पत्ता खोडून तेथे स्वतःचा बाहेरील पत्ता लिहितो. पॅकेट कोणत्या उपकरणाने धाडले होते हे ओळखण्यासाठी पत्त्याबरोबर एक १६ बिटांचा पोर्ट क्रमांकही बदलून दिला जातो व त्याची नोंद राउटर एका कोष्टकात ठेवतो. उत्तर परत आले की कोष्टक पाहून ते योग्य त्या उपकरणाकडे वळविण्यात येते. अशा रीतीने एका सार्वजनिक पत्त्यावर संपूर्ण घराचा व्यवहार चालतो. हे दोन्ही उपाय योजूनही ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे पाच मोठे गट विभागीय संस्थांना वाटले गेले व मध्यवर्ती साठा संपुष्टात आला.

पत्त्याची रचना व जालमुखवटा : ३२ बिटांचा पत्ता वाचण्यास सोपा जावा म्हणून त्याचे आठ आठ बिटांचे चार भाग पाडून प्रत्येक भाग ० ते २५५ यांमधील दशमान संख्येने लिहितात व मध्ये टिंब देतात. पत्त्याचा पूर्वभाग जालाचा व उत्तरभाग त्या जालातील उपकरणाचा निदर्शक असतो. पूर्वभाग कोठे संपतो हे सांगणाऱ्या संख्येस जालमुखवटा म्हणतात. घरगुती जालात तो बहुधा २५५.२५५.२५५.० असा असतो. म्हणजे पहिले २४ बिट जालाचे व उरलेले आठ बिट उपकरणाचे. आठ बिटांनी २५६ संख्या दर्शविता येतात. त्यांतील पहिली जालासाठी व शेवटची सर्वांस उद्देशून पाठवावयाच्या संदेशासाठी राखून ठेवलेली असल्याने उपकरणांसाठी २५४ पत्ते उरतात. राउटरला यांपैकी पहिला म्हणजे १ किंवा शेवटचा म्हणजे २५४ हा क्रमांक देण्याचा प्रघात आहे. तथापि हा केवळ प्रघात आहे, नियम नव्हे. म्हणून पत्ता अंदाजाने न ठरविता पाहून घेणे श्रेयस्कर.

समजा, एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२३, जालमुखवटा २५५.२५५.२५५.० व गेटवेचा पत्ता १९२.१६८.१.१ असा आहे. त्यास १९२.१६८.१.४० या पत्त्यावरील मुद्रकयंत्राकडे मजकूर पाठवावयाचा असेल, तर मुखवट्याच्या साहाय्याने दोन्ही पत्त्यांचा जालभाग १९२.१६८.१ असाच येतो. ते उपकरण घरातलेच आहे असे समजून संगणक मजकूर थेट त्याच्याकडे धाडतो. गंतव्य पत्त्याचा जालभाग वेगळा आला, तर मात्र पॅकेट गेटवेच्या स्वाधीन करण्यात येते. या वेळी पॅकेटावर गेटवेचा आयपी पत्ता लिहिला जात नाही; तेथे अंतिम गंतव्याचाच पत्ता असतो. ‘१९२.१६८.१.१ हा पत्ता कोणाचा?’ असा प्रश्न संगणक प्रथम संपूर्ण जालास विचारतो, राउटर आपला यंत्रांगभूत ४८ बिटांचा क्रमांक उत्तरादाखल कळवितो व त्या क्रमांकाच्या वेष्टनात घालून पॅकेट त्याच्याकडे सुपूर्त केले जाते. या पृच्छापद्धतीचे वर्णन नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. राउटर त्याच जालभागात असल्याशिवाय हा संवाद होऊ शकत नाही. यावरून संगणकाचा स्वतःचा पत्ता व राउटरचा पत्ता यांचा पूर्वभाग सारखा का असतो, हे लक्षात येईल.

संगणकास हा पत्ता कसा कळतो : संगणक जालास जोडला जाताच तो ‘पत्ता देणारे कोणी आहे काय?’ अशी हाक सर्वांस उद्देशून देतो. राउटर एक मोकळा पत्ता देऊ करतो, संगणक त्याची रीतसर मागणी करतो व राउटर मान्यता कळवितो. या चार टप्प्यांच्या व्यवहारास ‘डीएचसीपी’ या संक्षेपाने ओळखतात. तिचे पहिले वर्णन ऑक्टोबर १९९३ मध्ये व सुधारित वर्णन मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. पत्ता कायमचा दिला जात नाही. तो ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळतो व मुदत संपण्यापूर्वी संगणक त्याचे नूतनीकरण करून घेतो. पत्त्याबरोबरच जालमुखवटा, नावांचे पत्त्यांत रूपांतर करणाऱ्या सेवकाचा पत्ता आणि गेटवेचा पत्ता ही माहितीही येते. संगणकात नोंदविलेला गेटवेचा पत्ता तो हाच.

पत्ता शोधण्याच्या पद्धती : पुढील पद्धतींतील आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत व पत्ते आंतरराष्ट्रीय अंकांत टंकित करावे लागतात.

(१) विंडोज : ‘सी’, ‘एम’, ‘डी’ ही तीन अक्षरे आरंभ-यादीच्या शोधचौकटीत टंकित केल्यास आज्ञाखिडकी उघडते. तीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. तिच्यातील आठ अक्षरांमध्ये जागा सोडू नये. संगणकातील प्रत्येक जालसाधनाची माहिती स्वतंत्र परिच्छेदात उमटते. जे साधन प्रत्यक्ष वापरात आहे, उदा., बिनतारी जोडणीचे वा तारेच्या जोडणीचे, त्याच्या परिच्छेदात ‘डीफॉल्ट गेटवे’ या ओळीसमोरील संख्या हा राउटरचा पत्ता होय. आज्ञाखिडकीची सवय नसणाऱ्यांना मांडणी-विभागातील जालविषयक पृष्ठावर चालू जोडणीच्या तपशिलात हीच नोंद वाचता येते.

(२) मॅकिंटॉश : प्रणालीच्या मांडणी-विभागात ‘नेटवर्क’ हे पृष्ठ उघडून चालू जोडणीचा तपशील पाहावा. त्यातील ‘टीसीपी/आयपी’ या भागात ‘राउटर’ या शब्दासमोर पत्ता दिलेला असतो. आयफोन या भ्रमणध्वनीवरही बिनतारी जोडणीच्या माहितीत हाच शब्द आढळतो.

(३) लिनक्स : आज्ञाखिडकीत ‘आयपी’ हा शब्द, नंतर एक जागा सोडून ‘रूट’ हा शब्द टंकित करावा. उमटणाऱ्या मार्गकोष्टकात ‘डीफॉल्ट’ या शब्दाने सुरू होणारी ओळ पाहावी. तीत ‘व्हाया’ या शब्दापुढील संख्या अभिप्रेत असते.

(४) संगणकाविना : राउटरच्या तळाशी किंवा पाठीवर चिकटविलेल्या पट्टीवर मूळ पत्ता, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द छापलेले असतात. परंतु पट्टीवरील मजकूर कारखान्यातील मांडणीचा असतो. मध्यंतरी कोणी तो पत्ता बदलला असल्यास संगणकातील नोंदच प्रमाण मानावी.

पत्ता मिळाल्यावर तो ब्राउझरच्या शोधचौकटीत न लिहिता वरील पत्त्याच्या पट्टीत लिहावा. राउटरमध्येच साठविलेले पृष्ठ उघडते व नाव आणि परवलीचा शब्द विचारला जातो. हे पृष्ठ आंतरजालावरून येत नसल्याने बाहेरील सेवा बंद पडलेली असतानाही ते दिसते. जोडणीतील दोष शोधताना ही गोष्ट फार उपयोगी पडते : पृष्ठ उघडले, पण बाहेरची स्थळे उघडली नाहीत, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे असतो, पृष्ठच उघडले नाही, तर तो घरातील तारेत, बिनतारी जोडणीत वा खुद्द राउटरमध्ये शोधावा लागतो. दुरुस्तीसाठी कंपनीकडे तक्रार करण्यापूर्वी एवढी परीक्षा ज्याने त्याने करून पाहण्यासारखी आहे.

अडचणी : संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल व गेटवेची जागा रिकामी असेल, तर संगणकाला पत्ता देणारे कोणीही भेटलेले नाही असे समजावे. अशा वेळी तो स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण करतो. १२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक संगणक स्वतःस उद्देशून वापरतो. त्याचा राउटरशी संबंध नसतो. कचेरीच्या जालाशी सुरक्षित जोडणी करून देणारी आज्ञावली चालू असल्यास मार्गकोष्टकात दुसराच गेटवे दिसू शकतो. ती बंद करून पुन्हा पाहावे. काही घरांत कंपनीने बसविलेले प्रकाशतंतूचे यंत्र व मालकाने विकत घेतलेला राउटर अशी दोन यंत्रे एकामागोमाग असतात आणि दोन्ही राउटरचे काम करतात. संगणकास त्यांतील जवळच्याच यंत्राचा पत्ता ठाऊक असतो. पलीकडील यंत्राचा पत्ता जवळच्या यंत्राच्या पृष्ठावर, त्याच्या बाहेरील जोडणीचा गेटवे म्हणून, पाहावयास मिळतो. दोहोंच्या आतील जालांचा जालभाग एकच असल्यास पॅकेटांची दिशाभूल होते, म्हणून तो भिन्न ठेवावा लागतो.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असून तो षोडशमान पद्धतीने लिहितात. या पद्धतीत राउटर आपल्या अस्तित्वाची घोषणा स्वतःच वेळोवेळी करतो व संगणक ती ऐकून गेटवेची नोंद करतो. ‘एफ-ई-८-०’ या चार चिन्हांनी सुरू होणारा लांबलचक पत्ता गेटवेच्या ओळीत दिसल्यास तो राउटरचाच, पण या नव्या आवृत्तीतील पत्ता असतो. त्याच्या खाली किंवा वर चौथ्या आवृत्तीचा पत्ताही बहुधा दिलेला असतो व राउटरचे पृष्ठ उघडण्यास तो अधिक सोयीचा पडतो.

सुरक्षितता : राउटरचा स्थानिक पत्ता गुप्त नसतो व तो गुप्त ठेवण्याने काही साधतही नाही, कारण प्रचलित पत्ते मोजकेच असून ते सर्वज्ञात आहेत. खरा धोका पत्त्यापेक्षा कारखान्यात घातलेला परवलीचा शब्द तसाच राहण्यात आहे. बाहेरील व्यक्तीला खाजगी पत्त्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही हे खरे. परंतु घरातील संगणकाला तेथे पोहोचता येते आणि एखादे कपटी संकेतस्थळ त्याच्या ब्राउझरला स्थानिक पत्त्याकडे मागणी पाठविण्यास भाग पाडू शकते. बाहेरूनही व्यवस्थापन करता येईल अशी मांडणी वा यंत्रातील दोष असल्यास एवढ्या आडवाटेचीही गरज उरत नाही. ब्राझीलमध्ये २०११–१२ च्या सुमारास घरगुती राउटरांतील अशाच दोषाचा फायदा घेऊन नावांचे पत्त्यांत रूपांतर करणाऱ्या सेवकाची नोंद बदलण्यात आली. सुमारे ४५ लक्ष यंत्रे बाधित झाल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले. ग्राहक बँकेचे नाव बरोबर टंकित करी, पण पोहोचे मात्र चोरांनी उभारलेल्या स्थळावर. त्याच्या संगणकात कोणताही दोष नव्हता. घराचे दारच परक्याच्या ताब्यात गेलेले होते. २०१६ मध्ये ‘मिराई’ या नावाच्या घातक आज्ञावलीने कॅमेरे, राउटर इ. उपकरणांत कारखान्यातील परवलीचे शब्द वापरून प्रवेश मिळविला व २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या उपकरणांकरवी झालेल्या हल्ल्यामुळे अमेरिकेतील अनेक प्रमुख संकेतस्थळे काही तास दुष्प्राप्य झाली.

या अनुभवांनंतर अशा उपकरणांना एकच सर्वसामान्य परवलीचा शब्द देण्यास कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२० पासून व ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने मनाई करण्यात आली. जुनी यंत्रे मात्र अशा कायद्याने आपोआप सुधारत नाहीत. त्यांच्या बाबतीत पत्ता शोधून राउटरच्या पृष्ठावर जाणे, व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द बदलणे, बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवणे, यंत्रातील आज्ञावली अद्ययावत करणे व जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून तपासणे, हे घरमालकानेच करावयाचे असते. व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द व बिनतारी जोडणीचा परवलीचा शब्द हे दोन भिन्न असून एक बदलल्याने दुसरा बदलत नाही. व्यवस्थापनाचा शब्द विसरल्यास यंत्राच्या पाठीवरील बारीक कळ काही सेकंद दाबून धरून ते मूळ स्थितीत आणता येते. तसे केल्यावर पट्टीवरील पत्ता व शब्द पुन्हा लागू होतात. मात्र जोडणीसंबंधी कंपनीने भरलेली माहितीही त्याबरोबर पुसली जाते, म्हणून ती अगोदर टिपून ठेवणे आवश्यक असते.